मॅजिकची सर्वंकष नियमावली आणि गॅदररवरील रूलिंग : निकाल मिळतो, कारण शोधावे लागते

दोन कार्डांवरचा मजकूर वेगवेगळा वाचला तर स्वच्छ कळतो, पण तीच दोन कार्डे एकाच वेळी टेबलावर आली की नेमके काय घडते हे छातीठोकपणे सांगणारे फार थोडे भेटतात. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ मनापासून खेळणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण ठाऊक आहे. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणलेला हा खेळ आता २५,००० हून अधिक वेगवेगळ्या कार्डांचा झाला आहे. त्यांतल्या कोणत्याही दोन कार्डांची गाठ पडू शकते आणि अशा प्रत्येक जोडीचा निकाल आधीच लिहून ठेवणे कोणालाही शक्य नाही. शंकानिरसनासाठी कंपनीने खेळाडूंच्या हाती दोन विनामूल्य साधने दिली आहेत. पहिले म्हणजे खेळाची सर्वंकष नियमावली आणि दुसरे म्हणजे गॅदरर हा अधिकृत कार्डसंग्रह, ज्यात प्रत्येक कार्डाच्या पानावर त्या कार्डाविषयीची रूलिंग, म्हणजे खुलासे, दिलेली असतात. या दोन्हींचे परीक्षण एकत्रच करायला हवे असे मला वाटते, कारण एकात कारणे आहेत, दुसऱ्यात निकाल आहेत, आणि या दोहोंना जोडणारा दुवा वाचकाला बहुतेक वेळा स्वतःच शोधावा लागतो.

आधी नियमावलीविषयी. अडीचशेहून अधिक पानांचा हा दस्तऐवज साध्या मजकुराच्या फाइलच्या रूपात, पीडीएफमध्ये आणि वर्डमध्ये उपलब्ध आहे आणि कार्डांचा नवा संच आला की तो सुधारला जातो. नऊ प्रकरणे आणि शेवटी शब्दकोश अशी त्याची मांडणी आहे. पहिल्या प्रकरणातले नियम शंभराच्या घरात, सहाव्यातले सहाशेच्या घरात असे क्रमांक असल्यामुळे नुसता क्रमांक ऐकला तरी नियम कोणत्या विषयाचा आहे हे सरावलेल्या वाचकाला समजते. नवख्या खेळाडूला हे नियम दडपण आणणारे वाटतील आणि एरवीच्या खेळात त्यांची गरज सहसा पडणार नाही, हे प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. हा ग्रंथ खेळ शिकवण्यासाठी लिहिलेला नाही. वाद मिटवण्यासाठी लिहिलेला आहे, आणि त्याच कसोटीवर त्याला तपासले पाहिजे.

वाद मिटवण्याची त्याची ताकद किती आहे हे पाहण्यासाठी टार्मोगॉयफ आणि लाइटनिंग बोल्ट ही जुनी जोडी घ्यावी. टार्मोगॉयफ हे २००७ च्या ‘फ्यूचर साइट’ संचातले क्रीचर, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याचे कार्ड, आहे. सर्व ग्रेव्हयार्डांत, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगांत, मिळून कार्डांचे जितके प्रकार असतील तितकी त्याची पॉवर (मारण्याची ताकद) असते आणि टफनेस (सोसण्याची ताकद) त्याहून एकाने जास्त असतो. समजा, ग्रेव्हयार्डांत फक्त एक लँड (माना, म्हणजे कार्डे टाकण्याची शक्ती, देणारे कार्ड) आणि एक क्रीचर आहे. म्हणजे टार्मोगॉयफ २/३ आहे : पॉवर दोन, टफनेस तीन. प्रतिस्पर्धी त्याच्यावर लाइटनिंग बोल्ट टाकतो, जो तीन डॅमेज करतो. टफनेस तीन, डॅमेज तीन, म्हणजे क्रीचर मेले, असेच कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात ते जगते. का, याचे उत्तर दोन ठिकाणी विभागलेले आहे. इन्स्टंट, म्हणजे बोल्टसारखे केव्हाही टाकता येणारे कार्ड, रिझॉल्व्ह होताना, म्हणजे त्याचा परिणाम प्रत्यक्ष लागू होताना, काय काय घडते याचे टप्पे नियम ६०८.२ मध्ये क्रमाने दिले आहेत आणि ते कार्ड ग्रेव्हयार्डात जाणे हा त्यांतला शेवटचा टप्पा आहे. क्रीचरला प्राणघातक डॅमेज झाले आहे काय, ही तपासणी मात्र नियम ७०४ मधल्या, आपोआप लागू होणाऱ्या स्टेट-बेस्ड अ‍ॅक्शन्सची आहे, आणि ती तपासणी रिझॉल्व्ह होण्याच्या मधेच कधीही होत नाही. एखाद्या खेळाडूला प्रायॉरिटी, म्हणजे काही खेळण्याची संधी, मिळणार असते त्या क्षणी होते. तोवर बोल्ट ग्रेव्हयार्डात पोहोचलेला असतो, तिथे इन्स्टंट हा तिसरा प्रकार आलेला असतो आणि टार्मोगॉयफ ३/४ झालेला असतो. याउलट ग्रेव्हयार्डांत लँड आणि आधीचाच एखादा इन्स्टंट असेल, तर बोल्टमुळे नव्या प्रकाराची भर पडत नाही, टफनेस तीनच राहतो आणि क्रीचर मरते.

हे उदाहरण इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की टार्मोगॉयफचे नावही न घेता नियमावली त्याचा निकाल देते. रिझॉल्व्ह होण्याचे टप्पे आणि तपासणीची वेळ, या दोन गोष्टी ज्याला ठाऊक आहेत त्याला ग्रेव्हयार्ड मोजणाऱ्या इतर कोणत्याही कार्डाबद्दल पुन्हा विचारावे लागत नाही. चांगल्या खुलाशाची ओळख मी यातच मानतो : तो ज्या प्रश्नासाठी दिला, त्याच्या पलीकडचे प्रश्नही त्याने सुटले पाहिजेत.

स्टॅकविषयीचे नियमही याच दर्जाचे आहेत. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीने स्टॅक, म्हणजे टाकलेली कार्डे रिझॉल्व्ह होण्याची वाट पाहतात ती चळत, आणला आणि त्याआधीची इंटरप्ट या कार्डप्रकाराची व्यवस्था निकालात काढली. शेवटी आलेले आधी रिझॉल्व्ह होते, हे तत्त्व आज प्रत्येक खेळाडू पहिल्याच बैठकीत शिकतो. २/२ क्रीचरवर कोणी बोल्ट टाकला आणि त्याला उत्तर म्हणून मालकाने जायंट ग्रोथ (टर्न संपेपर्यंत +३/+३) टाकले, तर ग्रोथ आधी रिझॉल्व्ह होते, क्रीचर ५/५ होते आणि बोल्ट सोसते. क्रम उलटा असेल, म्हणजे आधी ग्रोथ टाकले गेले आणि त्याला बोल्टने उत्तर मिळाले, तर क्रीचर मरते आणि ग्रोथला टार्गेटच उरत नाही. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पुढचा प्रश्न मात्र अनेकांना गोंधळात टाकतो. टर्न संपताना ग्रोथचा परिणाम जातो, क्रीचर पुन्हा २/२ होते, मग अंगावरचे तीन डॅमेज त्याला तेव्हा मारणार नाहीत काय? नियम ५१४.२ हे एका वाक्यात मिटवतो : क्लीनअपमध्ये, म्हणजे टर्नच्या शेवटच्या टप्प्यात, डॅमेज पुसले जाणे आणि टर्नच्या शेवटापर्यंतचे परिणाम संपणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. त्यांच्यामध्ये फट नाही, म्हणून क्रीचर वाचते. इतका बारीक विचार आधीच करून ठेवलेला पाहिला की या दस्तऐवजाच्या लेखकांविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत सुंदर भाग म्हणजे नियम ६१३. सतत चालू राहणारे अनेक परिणाम एकाच कार्डावर एकदम लागू असतील, तर ते कोणत्या क्रमाने मोजायचे, हे या नियमात सात लेयरच्या रचनेने सांगितले आहे. पहिला लेयर कॉपीचा, दुसरा ताब्याचा, तिसरा कार्डावरचा मजकूर बदलणाऱ्या परिणामांचा, चौथा प्रकाराचा, पाचवा रंगाचा, सहावा क्षमता देण्या-काढण्याचा आणि सातवा पॉवर-टफनेसचा. सातव्याचे पुन्हा उपस्तर आहेत : आधी कार्डाच्या स्वतःच्या व्याख्येतून येणारे आकडे, मग आकडा ठरवून देणारे परिणाम, मग त्यात वाढ-घट करणारे आणि शेवटी पॉवर व टफनेसची अदलाबदल करणारे. एकाच लेयरमधल्या परिणामांत सामान्यतः टाइमस्टॅम्प पाहिला जातो, म्हणजे जे आधी आले ते आधी लागू होते.

या रचनेची खरी परीक्षा ह्युमिलिटी आणि ओपॅलेसन्स या जोडीने होते. १९९७ च्या ‘टेम्पेस्ट’ संचातली ह्युमिलिटी सर्व क्रीचर्सच्या सर्व क्षमता काढून घेते आणि त्यांना मुळात १/१ करते. १९९९ च्या ‘उर्झाज डेस्टिनी’मधले ओपॅलेसन्स स्वतःखेरीज प्रत्येक एन्चांटमेंटला (टेबलावर राहून परिणाम करणारे कार्ड; ऑरा, म्हणजे दुसऱ्या कशाला जोडलेली एन्चांटमेंट, सोडून) क्रीचर बनवते आणि त्याची पॉवर व टफनेस त्याच्या माना-किमतीइतकी करते. दोन्ही एन्चांटमेंट एकत्र आली की ह्युमिलिटी स्वतःच क्रीचर होते, म्हणजे तिच्याच परिणामाखाली येते, म्हणजे तिची क्षमता जाते, म्हणजे परिणाम संपतो, म्हणजे क्षमता परत येते; नुसत्या तर्काने जाणारा माणूस या चक्रातून बाहेर पडत नाही. नियमावली त्याला बाहेर काढते. चौथ्या लेयरमध्ये ओपॅलेसन्सने ह्युमिलिटीला क्रीचर केले. सहाव्या लेयरमध्ये ह्युमिलिटीने सर्व क्रीचर्सच्या, स्वतःच्याही, क्षमता काढल्या. आता सातव्या लेयरमध्ये तिचा उरलेला परिणाम लागू होईल काय? होईल, कारण एखादा परिणाम एका लेयरमध्ये लागू व्हायला सुरुवात झाली की तो निर्माण करणारी क्षमता मधेच नाहीशी झाली तरी तो पुढच्या लेयरमध्ये चालूच राहतो, असे ६१३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. राहिला तो टाइमस्टॅम्पचा प्रश्न. ओपॅलेसन्स आधीचे असेल, तर ह्युमिलिटी प्रथम ४/४ आणि मग १/१ होते, म्हणून १/१ राहते. ह्युमिलिटी आधीची असेल, तर ती प्रथम १/१ आणि मग ४/४ होते, म्हणून ४/४ राहते. कोणते कार्ड आधी आले हे लक्षात ठेवले की प्रश्न संपला.

टाइमस्टॅम्पला एक अपवाद आहे, आणि प्रत्यक्ष खेळात तो ह्युमिलिटीपेक्षा कितीतरी अधिक वेळा भेटतो. ब्लड मून हे १९९४ चे एन्चांटमेंट सर्व नॉनबेसिक, म्हणजे साध्या मूळ लँड नसलेल्या, लँडना माउंटन करते; माउंटन आणि स्वँप हे लँडचे बेसिक प्रकार आहेत. अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ ही २००७ मधली लँड प्रत्येक लँडला तिच्या मूळ प्रकाराखेरीज स्वँपही करते. दोन्ही परिणाम चौथ्या लेयरचेच आहेत. अर्बोर्ग नंतर आली तर तिचा परिणाम नंतर लागू होईल आणि सर्व लँड स्वँपही होतील, असे टाइमस्टॅम्पवरून वाटते. तसे होत नाही. नियम ३०५.७ प्रमाणे एखाद्या लँडचा प्रकार बेसिक प्रकाराने बदलला की तिच्या मजकुरातल्या क्षमता जातात. म्हणजे ब्लड मून लागू झाल्यावर अर्बोर्गचा परिणाम अस्तित्वातच राहत नाही. एका परिणामाचे अस्तित्वच दुसऱ्यावर असे टेकलेले असेल, तर त्याला डिपेंडन्सी म्हणतात आणि अशा वेळी ज्यावर अवलंबून आहे तो परिणाम टाइमस्टॅम्प न पाहता आधी मोजायचा, असे ६१३ सांगतो. त्यामुळे कोणतेही कार्ड आधी आलेले असो, अर्बोर्ग नुसती माउंटन राहते. माझी तक्रार आहे ती इथे. ३०५.७ आणि ६१३ हे दोन नियम एकत्र वाचल्याशिवाय हा निकाल लागत नाही, पण एकाच्या वाचकाने दुसऱ्याकडे जावे यासाठी जेवढे निर्देश हवेत तेवढे या दस्तऐवजात नाहीत. प्रश्न कोणत्या जातीचा आहे हे ज्याला आधीच कळले आहे त्याला नियम लगेच सापडतो. ज्याला ते कळलेले नाही त्याने शोध कुठून सुरू करावा, हे कोणी सांगत नाही. शब्दकोश व्याख्या चांगल्या देतो, पण परिस्थितीवरून नियमाकडे नेणारी सूची नाही, आणि एवढ्या मोठ्या ग्रंथात ती उणीव फार जाणवते.

रिप्लेसमेंट इफेक्टचा, म्हणजे घटना घडतानाच ती बदलून टाकणाऱ्या परिणामांचा, नियम ६१६ मात्र सरळ आहे. एकाच घटनेला दोन परिणाम बदलू पाहत असतील, तर जिच्यावर परिणाम होतो त्या गोष्टीचा ताबा असलेला खेळाडू, किंवा जो खेळाडू स्वतः बाधित होतो तो, क्रम निवडतो. तुमच्याकडे हार्डन्ड स्केल्स (एक वाढवणारे) आणि डबलिंग सीझन (दुप्पट करणारे) दोन्ही आहेत आणि क्रीचरवर +१/+१ चा एक काउंटर, म्हणजे वाढीची खूण, यायचा आहे, तर आधी एक वाढवून मग दुप्पट केल्यास चार काउंटर येतात, आधी दुप्पट करून मग एक वाढवल्यास तीन. निवड तुमची असल्यामुळे चारच घ्यावेत. यात वाद उरत नाही.

पहिल्या प्रकरणातले दोन पायाभूत नियमही वाचकाने लक्षात ठेवावेत. १०१.१ सांगतो की कार्ड आणि नियम यांच्यात विरोध आला तर कार्डाचे खरे, आणि १०१.२ सांगतो की एक परिणाम एखादी गोष्ट करू देतो आणि दुसरा ती होऊ शकत नाही असे म्हणतो, तेव्हा मनाई जिंकते. टेबलावरचे कितीतरी वाद या दुसऱ्या नियमाने जागच्या जागी मिटतात. ‘हे कार्ड मला जिंकवते’ असे म्हणणाऱ्याच्या समोर प्लॅटिनम एंजल असेल, तर प्रतिस्पर्धी जिंकू शकत नाहीत हे एंजलचे वाक्य वरचढ ठरते.

आता गॅदररकडे वळू. या साधनाची पहिली सेवा रूलिंगच्याही आधीची आहे आणि तिचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही : कार्डाचा सध्याचा अधिकृत मजकूर, ज्याला ओरॅकल म्हणतात, तो तिथे मिळतो. हातातल्या जुन्या कार्डावर छापलेले शब्द आणि आज लागू असलेले शब्द यांत मोठा फरक असू शकतो, आणि दोन कार्डांच्या परिणामांविषयीचा वाद पुष्कळदा जुना मजकूर वाचल्यामुळेच सुरू झालेला असतो. शंका आली की नियम उघडण्याआधी दोन्ही कार्डांचा ओरॅकल मजकूर वाचावा.

रूलिंगचा दर्जा मात्र समान नाही. ह्युमिलिटीच्या पानावरचे ओपॅलेसन्सविषयीचे रूलिंग हा मी आदर्श नमुना मानतो. त्यात वर्शिप हे तिसरे कार्डही घेतले आहे, चौथ्या, सहाव्या आणि सातव्या लेयरमध्ये काय घडते ते एकेका ओळीत सांगितले आहे, प्रत्येक ओळीपुढे तो परिणाम कोणत्या कार्डाचा ते लिहिले आहे, आणि दोन्ही टाइमस्टॅम्पचे निकाल वेगवेगळे दिले आहेत. वाचणाऱ्याला निकाल तर मिळतोच, शिवाय मोजण्याची रीतही मिळते. असे रूलिंग एकदा समजून घेतलेला माणूस दुसऱ्या कोणत्याही दोन एन्चांटमेंटचा हिशोब स्वतः मांडू शकतो.

बहुसंख्य रूलिंग या उंचीची नाहीत. पुष्कळ ठिकाणी ‘होय, असे करता येते’ किंवा ‘नाही, तसे होत नाही’ एवढेच असते आणि त्यामागचा नियम कोणता ते सांगितलेले नसते. काही खुलासे शेकडो कार्डांच्या पानांवर शब्दशः तेच असतात. एखाद्या कार्डाविषयीचा खास मुद्दा त्या गर्दीत शोधावा लागतो. प्रत्येक रूलिंगपुढे तारीख असते, ही चांगली गोष्ट आहे, पण ती पुरेशी नाही. जुन्या कार्डांची असंख्य रूलिंग ४ ऑक्टोबर २००४ या एकाच तारखेची आहेत. ज्या नियमावर रूलिंग उभे आहे त्याचा क्रमांक सोबत असता, तर तो नियम पुढे बदलला काय हे वाचकाला लगेच तपासता आले असते. नुसत्या तारखेवरून ते कळत नाही.

आणि नियम बदलतात, चांगले मोठे बदलतात. २००९ पर्यंत लढाईतले डॅमेजही स्टॅकवर ठेवले जात असे. त्या काळी मॉग फॅनॅटिक हे १/१ क्रीचर लढाईतले आपले डॅमेज स्टॅकवर ठेवून मग स्वतःचा बळी देत असे आणि आणखी एक डॅमेज करत असे. ‘मॅजिक २०१०’ संचाबरोबर आलेल्या नियमांनी ती सोय संपवली, माना बर्नही (न वापरलेल्या मानामुळे होणारे नुकसान) त्याच वेळी गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फाउंडेशन्स’ संचाबरोबर अनेक ब्लॉकरांमध्ये (अडवणाऱ्या क्रीचर्समध्ये) डॅमेज वाटण्याचा ठरावीक क्रमही रद्द झाला. जाणकाराने पूर्ण खात्रीने दिलेले जुने उत्तर आज चुकीचे ठरू शकते ते यामुळेच, आणि म्हणूनच रूलिंगबरोबर नियमाचा क्रमांक हवा हा माझा आग्रह आहे.

काही वेळा प्रश्न दोन कार्डांचा असल्यासारखा दिसतो, पण असतो क्रमाचा. दोन्ही खेळाडूंकडे एकेक ब्लड आर्टिस्ट आहे, दोघांचेही एकेकच लाइफ उरले आहे, आणि कुठलेसे क्रीचर मरते. दोन्ही ब्लड आर्टिस्ट ट्रिगर होतात, म्हणजे त्या घटनेमुळे त्यांची क्षमता आपोआप चालू होते. प्रत्येक ट्रिगर एका खेळाडूचे एक लाइफ घालवतो आणि आपल्या मालकाला एक देतो. कोण जिंकले? ब्लड आर्टिस्टचा मजकूर कितीही वेळा वाचला तरी याचे उत्तर त्यात नाही, कारण दोन्ही कार्डे अगदी सारखी आहेत. उत्तर असे की ज्याचा टर्न चालू आहे त्याचा ट्रिगर स्टॅकवर आधी ठेवला जातो, दुसऱ्याचा त्याच्यावर येतो, म्हणून दुसऱ्याचा आधी रिझॉल्व्ह होतो, आणि ज्याचा टर्न आहे तो शून्यावर येऊन हरतो. हा क्रम नियमावलीत आहे. ज्याला प्रश्नाची जात ओळखता आली त्याने कार्डाच्या पानावर वेळ न घालवता थेट तिकडे जावे.

खुलाशांचा भार कमी करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे कार्डाचा मजकूरच अशा रीतीने लिहिणे की शंका उद्भवू नये, आणि या बाबतीत कंपनीने केलेली प्रगती नोंदवली पाहिजे. २००७ च्या ‘लॉरविन’मधल्या ऑब्लिव्हियन रिंगवर दोन वेगळे ट्रिगर होते : आल्यावर एखादी वस्तू एक्झाइल करायची, म्हणजे खेळाबाहेर काढून ठेवायची, आणि रिंग गेल्यावर ती परत आणायची. पहिला ट्रिगर स्टॅकवर असतानाच रिंग नष्ट झाली, तर परत आणण्याचा ट्रिगर आधी रिझॉल्व्ह होत असे, तेव्हा परत आणण्यासारखे काहीच नसे, आणि मग एक्झाइल झालेली वस्तू कायमची जात असे. लँड वगळता दुसरे काहीही नसताना तीन ऑब्लिव्हियन रिंग एकमेकींना एक्झाइल करू लागल्या आणि कोणी ते चक्र थांबवू शकले नाही, तर सामना बरोबरीत सुटतो, इतकी विलक्षण परिस्थितीही त्यातून उद्भवू शकते. २०१३ च्या ‘मॅजिक २०१४’ संचातल्या बॅनिशर प्रीस्टवर हेच काम एका वाक्यात लिहिले गेले : हे क्रीचर बॅटलफिल्डवरून जाईपर्यंत टार्गेट एक्झाइल. प्रीस्ट आधीच गेलेला असेल तर एक्झाइल होतच नाही. जुन्या शब्दांमुळे पडणारा सापळा नव्या शब्दांनी बुजवला आणि त्यावरचे रूलिंगही सोपे झाले.

तुलनेसाठी ‘यू-गी-ओह!’चे उदाहरण उपयोगी आहे. जपानमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या कोनामीच्या या खेळाने २०११ मध्ये कार्डांच्या लेखनाची नवी शिस्त आणली. मजकुरात अपूर्णविरामाच्या आधी परिणाम चालू करण्याची अट, अर्धविरामाच्या आधी किंमत किंवा टार्गेट, आणि त्यानंतर प्रत्यक्ष परिणाम. विरामचिन्हे पाहूनच कोणती गोष्ट चेन, म्हणजे त्या खेळातली स्टॅकसारखी साखळी, बनण्याआधी होते आणि कोणती नंतर, हे कळते. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. तरीही त्या खेळात ‘जेव्हा असे होईल तेव्हा तुम्ही करू शकता’ आणि ‘असे झाल्यास तुम्ही करू शकता’ यांत फरक उरतोच. पहिल्या प्रकारच्या परिणामाची वेळ हुकू शकते, दुसऱ्याची हुकत नाही. एवढ्या लहान फरकावर सामना फिरणे नव्या खेळाडूला जड जाते. मॅजिकमधला ट्रिगर एकदा ट्रिगर झाला की स्टॅकवर येण्याची वाट पाहतो, त्याची वेळ अशी हुकत नाही, आणि या मुद्द्यावर मॅजिकची रचना मला निश्चितपणे सरस वाटते.

मॅजिक ऑनलाइन किंवा अरीना या संगणकीय आवृत्त्या हेच काम करतात, मग नियमावली कशाला वाचायची, असा प्रश्न कोणी विचारील. त्या निकाल लावतात हे खरे, आणि ट्रिगरचा क्रम किंवा क्रीचरचा अंतिम आकार पाहायला त्या उत्तम आहेत. पण टार्मोगॉयफ का जगला हे पडदा सांगत नाही. कागदी कार्डांनी समोरासमोर खेळणाऱ्याला कारणच लागते, कारण समोरचा माणूस कारण मागतो आणि त्याला ते मागण्याचा अधिकार आहे.

कंपनीकडे माझी मागणी एकच आहे : रूलिंगच्या प्रत्येक ओळीखाली तिच्या नियमाचा क्रमांक द्यावा आणि तो थेट नियमावलीतल्या त्या ओळीला जोडावा. नियमांना क्रमांक आहेत, रूलिंगना तारखा आहेत, दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या आहेत. हे काम झाले तर ह्युमिलिटीच्या पानाला आज असलेला दर्जा साध्यासुध्या पानांनाही येईल. तोवर नियमावलीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण सूचीच्या अभावामुळे कापला आहे. गॅदररच्या रूलिंगना तीन गुण देईन, आणि त्याच्या ओरॅकल मजकुराला पूर्ण पाच.

जे नुकतेच शिकले आहेत त्यांनी ही साधने इतक्यात उघडू नयेत. पेटीतली छोटी पुस्तिका त्यांना पुरेल. जे नियमित खेळतात, आणि विशेषतः जे इतरांना शिकवतात, त्यांनी नियमावली पहिल्या पानापासून वाचायला घेण्याऐवजी आधी ७०४ वाचावा, कारण तपासणी केव्हा होते हे कळल्यावर निम्म्या शंका गळून पडतात, मग ६०८ आणि ६०३, म्हणजे रिझॉल्व्ह होणे आणि ट्रिगर, त्यानंतर ६१६. नियम ६१३ सर्वांत शेवटी घ्यावा आणि तो एकटा वाचू नये. शेजारी ह्युमिलिटीचे रूलिंग उघडे ठेवावे, हाताशी कागद घ्यावा आणि एकेक लेयर स्वतः लिहून काढावा.